ऑफ सीझनचं पोर्तुगाल, आईला घेऊन

नोव्हेंबरात युरोपला कोण जातं, असं नवऱ्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांनी विचारून झालं होतं. कारण अगदी साधं होतं, आईची ढोपरं रांगेत उभी राहू शकत नाहीत आणि माझा खिसा जुलैच्या दरांपुढे उभा राहू शकत नाही. नवऱ्याला सुट्टी नव्हती, लेकीचं दहावीचं वर्ष, म्हणून मग आम्ही दोघीच. आई बहात्तरची, मूळची वेंगुर्ल्याची, आता ठाण्यात आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये एकटी राहते आणि माझ्याशी अजून मालवणीतच बोलते, मी उत्तर ठाण्याच्या मराठीत देते, असं आमचं चालतं.

पोर्तुगालच का, तर आईला बघायचं होतं. लहानपणी तिचे वडील बांद्याच्या नाक्यावरून गोव्यात जायचे आणि तिकडून काय काय आणायचे, तेव्हा गोवा म्हणजे परदेश. ६१ साली गोवा सुटला तेव्हा ही नऊ वर्षांची, शाळेत पेढे वाटले होते म्हणे. "इतकी वर्सां आपल्या शेजारी येवन बसलले, त्यांचा घर तरी बघूया" हे तिचं म्हणणं. व्हिसाची अपॉइंटमेंट लगेच मिळाली, ऑफ सीझनचा पहिला फायदा. भाऊबीज उरकली आणि त्याच रात्री आम्ही विमानतळावर.

दिवस १, सोमवार, लिस्बन

दुपारी पोचलो. घराची चावी चारनंतर मिळणार होती, म्हणून बॅगा एका लगेज ठेवायच्या दुकानात टाकल्या आणि वेळ कशाला फुकट घालवा म्हणून थेट शहराच्या बेलें भागात गेलो. तिथे जेरोनिमुशचा तो जगप्रसिद्ध मठ. एवढा मोठा पांढरा दगडी पसारा, समोर चिटपाखरू नाही, मी आईला म्हटलं बघ, ह्याला म्हणतात ऑफ सीझन, जुलैत इथे दोन-दोन तास उभं राहावं लागतं लोकांना. दारापर्यंत गेलो. बंद. सोमवारी बंद असतो. शेजारचा बुरूज, तोही सोमवारी बंद. एवढा अभ्यास करून, एक्सेल शीट करून, माणसाने वार बघू नये म्हणजे काय. आई काही बोलली नाही, फक्त एका बाकावर बसली आणि बूट काढले, ते बोलण्यापेक्षा वाईट.

तरी तिथून चार पावलांवर १८३७ पासूनचं ते पाश्तेलचं दुकान आहे, ते उघडं होतं, आणि एरवी रस्त्यापर्यंत येणारी रांग पाच मिनिटांत संपली. पाश्तेल द नाता म्हणजे अंड्याच्या पिवळ्याची घट्ट मलई भरलेली खारीची छोटी वाटी, वरून करपल्यासारखे काळे डाग. इथे त्याला पाश्तेल द बेलें म्हणायचं, बाकी सगळीकडचे ते नाता. वर दालचिनी भुरभुरायची. दालचिनीची पूड टेबलावर मिठासारखी ठेवलेली असते, हे बघून आई म्हणाली, ह्याच्यासाठी इलले मां ते? बरोबरच आहे. आम्ही सहा खाल्ले. दोघींत.

साडेचारला घरी. मालकीणबाई आईच्याच वयाच्या, इंग्रजी शून्य. मी फोनवर ट्रान्सलेट लावायला घेतलं तोवर बाईंनी किल्ली पुढे केली आणि म्हणाल्या "शाव्ह", आईने ती घेतली आणि म्हणाली "चावी". मग त्या खिडकीपाशी गेल्या, रोज सकाळी थोडा वेळ उघडा नाहीतर भिंतीला बुरशी धरते असं हातवाऱ्यांनी सांगत होत्या, त्यात "जनेला" शब्द आला. आई ताडकन म्हणाली, जनेल! आमच्याकडे वेंगुर्ल्याला खिडकीला जनेलच म्हणतात, मी आयुष्यात कधी विचार नाही केला की का. मग बाथरूममधली बादली दाखवली तर ती "बाल्द". पुढची दहा मिनिटं दोघी बायका घरभर फिरत एकेका वस्तूकडे बोट दाखवत होत्या आणि मी फोन हातात धरून मूर्खासारखी उभी.

घराबद्दल मात्र सांगायलाच हवं. जाहिरातीत हीटिंग लिहिलं होतं, प्रत्यक्षात एक चाकांचा ऑइल हीटर. नोव्हेंबरात इथे बाहेर पंधरा-सोळा डिग्री असतात, त्याला कुणी थंडी म्हणणार नाही, पण दगडी जुनी घरं आतून गार आणि ओलसर, घरात स्वेटर घालायचा आणि बाहेर जाताना काढायचा असा उलटा कारभार. हीटर आणि पाण्याची किटली एकदम लावली की सगळ्या घराची वीज जायची. दाराशेजारच्या डबीतला खटका वर केला की परत यायची. हे चार दिवसांत अकरा वेळा झालं, आईने मोजलं.

दिवस २

२८ नंबरची पिवळी ट्राम सगळ्यांना माहीतच असते. लोक ती मार्तिं मोनीजला पकडतात आणि उभ्याने लटकत जातात, ऑफ सीझनलाही तिथे गर्दी असतेच. आम्ही उलट्या टोकाला गेलो, प्राझेरेशला, तिथून ट्राम रिकामी सुटते. प्राझेरेश हे एका स्मशानभूमीचं नाव, म्हणजे दफनभूमी, आणि ह्या शब्दाचा अर्थ चक्क "सुखं". ट्रामला वेळ होता म्हणून आत डोकावलो तर पूर्ण जागा शेवंतीने भरलेली. पांढरी, पिवळी, जांभळी, कुंड्यांच्या कुंड्या. १ आणि २ नोव्हेंबरला हे लोक आपल्या गेलेल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं नेतात, आमच्या सर्वपित्रीसारखंच म्हणा, आणि तीन दिवसांनी ती तशीच टवटवीत होती. आई म्हणाली शेवंती आपल्याकडे देवाला, इथे माणसांना. मग तिने बाबांचं नाव घेतलं नाही पण बराच वेळ तिथे उभी राहिली. ट्राम गेली. पुढची पकडली.

तर १ नोव्हेंबर. १७५५ सालच्या ह्याच दिवशी सकाळी लिस्बनला मोठा भूकंप झाला. सणाचा दिवस, सगळी चर्चेस माणसांनी भरलेली, जागोजागी मेणबत्त्या पेटलेल्या, त्यामुळे भूकंप, मग समुद्र आत आला, आणि मेणबत्त्यांची आग कित्येक दिवस. कार्मोचं चर्च तेव्हा पडलं ते त्यांनी छप्पर न घालता तसंच ठेवलंय, वर नुसत्या दगडी कमानींच्या फासळ्या आणि मधे आभाळ. आम्ही आत असताना पाऊस आला. चर्चमध्ये उभं राहून भिजायचा अनुभव जगात फार ठिकाणी मिळत नसावा. खालचा बाइशा भाग तेव्हाच्या राजाचा मंत्री पॉम्बाल ह्याने नव्याने सरळ रेघांत बसवला, भिंतींच्या आत लाकडी पिंजरे घालून, म्हणजे भूकंपात घर हलेल पण पडणार नाही, आणि असं म्हणतात की नमुन्याच्या पिंजऱ्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावून चाचणी घेतली.

हे सगळं मी आईला मोठ्या थाटात सांगत उतारावरून येत होते आणि आडवी झाले. इथले फूटपाथ म्हणजे चुनखडीचे छोटे छोटे काळे-पांढरे चौकोनी दगड बसवून नक्षी केलेली असते, फोटोत सुंदर, वर्षानुवर्षं चालून चालून गुळगुळीत झालेले, आणि पाऊस पडला की साबण. साडेसहा हजारांचे माझे वॉकिंग शूज कामाला आले नाहीत. आई ठाणे स्टेशनबाहेर घेतलेल्या पावसाळी सँडलवर टुकटुक करत चालत होती, तिला काही झालं नाही. नोव्हेंबरात येणाऱ्यांनी बाकी काही आणू नका, रबरी तळाचं काहीतरी आणा.

कोपऱ्यावर चेस्टनट भाजणाऱ्याची गाडी होती, त्याने उठायला हात दिला. ह्या गाड्या शरद ऋतूतच निघतात, लांबूनच पांढरा धूर दिसतो, आपल्याकडे मक्याच्या कणसांच्या गाड्या पावसाळ्यात निघतात तसं. निखाऱ्यावर भोकं पाडलेलं भांडं, त्यात चेस्टनट आणि मूठभर जाडं मीठ, भाजून सालीवर राखाडी पांढरा थर येतो. प्रत्येकाला आधी सुरीने चीर द्यावी लागते, नाहीतर फटाक्यासारखा फुटतो. डझनावर मिळतात. आईने पहिला सोलला, तोंडात टाकला, थांबली. "अगो, ह्यां तर आठळ्यांसारख्यां लागता." खरंच की! फणसाच्या आठळ्या चुलीत भाजल्यावर लागतात तंतोतंत तसे, थोडे जास्त गोड. हिला आता रोज संध्याकाळी लागणार हे मला तिथेच कळलं.

पण तिचं खरं लक्ष पुडीवर होतं. कागदाचा कोन, त्याला दोन कप्पे. एका कप्प्यात चेस्टनट, दुसरा रिकामा, साली टाकायला. तिने तो उलटसुलट करून पाहिला, घडी कशी घातलीय ते पाहिलं, आणि रिकामा झाल्यावर चपटा करून पर्समध्ये ठेवला.

साडेपाचला अंधार. हे लक्षात ठेवायला पाहिजे, ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं मागे जातात आणि दिवस कापल्यासारखा संपतो. रस्त्यांवर शिड्या लावून दिव्यांच्या माळा चढवत होते. एका चौकात मोठी अक्षरं जोडून झाली होती, "फेलीझ नाताल". आई: "नाताळ."

दिवस ३

परत बेलें. आज मठ उघडा. दगडात दोरखंड, गाठी, समुद्री वेली कोरलेल्या, सगळं जहाजाचं सामान, आणि हे सगळं उभं राहिलं मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून. आतल्या चर्चमध्ये शिरलं की डावीकडे वास्को द गामाचं थडगं. दगडी माणूस हात जोडून झोपलेला, खाली जहाज कोरलेलं. मी सांगितलं की १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी हा कोचीला मेला, तिथेच पुरला, १५३९ मध्ये अस्थी पोर्तुगालला आणल्या, आणि ह्या मठात त्या थेट एकोणिसाव्या शतकात आल्या. आई म्हणाली, "हो तोच मां?" आणि जरा वेळ त्याच्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, झोपलाय तर साधा दिसतोय.

नदीकाठी दर्यावर्दींचं स्मारक आहे, जहाजाच्या नाळेसारखं, ५० मीटरच्या वर उंच. हे आत्ताचं काँक्रीटचं १९६० सालचं. म्हणजे इकडे एवढा थाट करून पुढच्याच वर्षी तिकडे गोवा गेला. हे आईला सांगितल्यावर ती जी हसायला लागली ती थांबेना, शेजारचं जपानी जोडपं बघायला लागलं.

दुपारी बाइशात एका किराणा दुकानात शिरलो कारण आईला वास आला. मला आधी कळेना कसला, मग कळलं, सुक्या मासळीचा. बाकल्याव, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड. अख्खे मासे उभे फाडून, सपाट, पाटासारखे कडक, एकावर एक रचलेले, आणि गंमत म्हणजे हा मासा इथल्या समुद्रातला नाहीच, शतकानुशतकं थेट उत्तरेच्या थंड पाण्यातून येतो, आता बराचसा नॉर्वेहून. आईने एक उचलला, बोटाच्या पेराने टकटक करून पाहिलं, वास घेतला, शेपटाकडचा भाग वाकवून पाहिला. दुकानदार आधी कपाळाला आठ्या घालून बघत होता, मग त्याने स्वतःहून दुसरा, जाड पाठीचा काढून दिला, म्हणजे परीक्षकाची ओळख पटली. तो मग करवतीच्या मशीनवर तुकडे करून देतो. दोन दिवस पाणी बदलत भिजत घालायचा असतो आणि नाताळच्या आदल्या रात्री तो उकडलेल्या बटाट्यांबरोबर आणि कोबीच्या पानांबरोबर खातात. कोबीला कोव्ह, बटाट्याला बताता. आईला एव्हाना ह्या खेळाचा कंटाळा आला होता, म्हणाली सगळांच आमचां तर मग ह्यांचां काय?

रात्री सार्डीन खायच्या म्हणून एका छोट्या खानावळीत. सार्डीन म्हणजे आमची तारली, म्हणजे अगदी सख्खी नाही पण चुलत. वेटर म्हातारा, त्याने मान हलवली, म्हणाला आता नाही, जूनमध्ये या, आता त्यात चरबी नाही, असतील त्या फ्रोझन, मी देणार नाही. मेन्यूत छापलेली वस्तू देणार नाही म्हणणारा वेटर मी पहिल्यांदा बघितला. मी जरा नाराज झाले, आई नाही. "माणूस खरो आसा. तारली कधी खावची ता त्येका कळता." त्याने मग जे दिलं, निखाऱ्यावर भाजलेला ऑक्टोपस, वर लसूण आणि ऑलिव्ह तेल, ते आईने शेवटच्या थेंबापर्यंत पावाने पुसून खाल्लं. टेबलावर आधीच ठेवलेले ऑलिव्ह आणि पाव फुकट नसतात बरं का, हात लावलात की बिलात येतात. आम्ही शिकलो.

दिवस ४, सिंत्रा

सिंत्रा म्हणजे धुकं. डोंगरावर तो लाल-पिवळा पेना राजवाडा आहे ना, ज्याचे फोटो सगळीकडे असतात, आम्ही त्याच्यापासून वीस फुटांवर उभ्या होतो आणि तो दिसला नाही. पिवळा रंग मधेच कुठेतरी आल्यासारखा वाटायचा आणि परत जायचा. आई म्हणाली, "ह्यां बघूक इतक्या लांब कित्याक इलंव? आंबोलीक ह्याच्यापेक्षा बरां धुकां आसता." आत जाऊन खोल्या बघितल्या, फर्निचरच फर्निचर, सोडून द्या.

मला खरं तर सिंत्रात वेगळ्याच गोष्टीचं कुतूहल होतं. गोव्याचा एक व्हाइसरॉय होता, जुआँव द कास्त्रु, त्याची इथे इस्टेट. आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत "सिंत्रा प्रशस्ती" म्हणून एक संस्कृत शिलालेख येतो, तेराव्या शतकातला, वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातला, मूळचा सोमनाथ पाटणचा. नाव सिंत्रा का, तर तो दगड उचलून समुद्रावरून इथे आणला. इस्टेट खाजगी, आत जाता येत नाही, आम्ही नुसतं बाहेरच्या रस्त्याने गेलो, ओली शेवाळलेली भिंत आणि वर झाडं. गुजरातच्या किनाऱ्यावरचा दगड ह्या थंड ओल्या गावात काय करत असेल असं वाटून गेलं. आईला म्हटलं तर ती म्हणाली, त्याला विचारून आणला असेल का. मग गावात येऊन त्रावसैरू खाल्ले, बदामाचं सारण भरलेल्या उशीसारख्या गरम गरम पेस्ट्र्या, आणि दिवस सुधारला.

दिवस ५ आणि ६, एव्होरा

बसने दीड तास पूर्वेला, आलेंतेजू प्रांत. लिस्बनपेक्षा मला हे गाव जास्त आवडलं हे आधीच सांगते. पांढरी घरं, खाली पिवळा पट्टा, गावाच्या मधोमध रोमन देवळाचे खांब, आणि रस्त्यात माणसं सगळी इथलीच. जेवायला बसलो तर सगळ्या टेबलांवर पोर्तुगीज. मेन्यू हाताने लिहिलेला. मी बोट ठेवलं त्यावर आलं असोर्दा.

हे नीट सांगते. लसूण, जाडं मीठ आणि कोथिंबीर खलबत्त्यात कुटतात, भरपूर कोथिंबीर, मूठभर नाही, जुडीभर. त्यावर ऑलिव्ह तेल, वरून उकळतं पाणी, त्यात शिळ्या पावाचे तुकडे, आणि वर पाण्यात शिजवलेलं अंडं. झालं. गरिबाचं जेवण, शिळा पाव संपवायचं. वाडगा टेबलावर आला आणि वाफेबरोबर वास आला तशी आई एकदम सरळ बसली. पाच दिवस युरोपात काढल्यावर कोथिंबिरीचा वास म्हणजे काय ते ज्याने काढलेत त्याला विचारा. बाकी युरोपात हिरवं म्हणजे पार्सली, ह्या भागात मात्र कोथिंबीर घरोघरी. आईने बाईला आतून बोलावून घ्यायला लावलं, खलबत्त्याची खूण करून विचारलं, बाई आत घेऊन गेली. मी बाहेर एकटी, वाडगा गार होतोय. दहा मिनिटांनी आई आली ती म्हणाली, लसूण सालीसकट नाही घालत, आणि पाणी त्यांचं मासे उकडलेलं होतं, साधं नाही, म्हणून चव.

मग हाडांचं चॅपेल. साधारण पाच हजार माणसांची हाडं भिंतींना चुन्यात बसवलेली, कवट्यांच्या ओळी, मांड्यांच्या हाडांच्या ओळी, अगदी टाइल्स लावाव्यात तशी व्यवस्थित. दारावर लिहिलंय, आम्ही हाडं इथे आहोत, तुमच्या हाडांची वाट बघतोय. मी हे आईला वाचून दाखवावं की नको ह्या विचारात होते. तिने ऐकलं आणि म्हणाली, "ह्यांका सांग, माझी ढोपरां आताच ठेवन घेवा म्हणान." तिकिटावाल्या मुलीला भाषांतर करून हवं होतं, मी नाही केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी करून आल्मेंद्रेशला गेलो, गावाबाहेर माळावर पंच्याण्णवच्या आसपास ग्रॅनाइटचे उभे दगड, इंग्लंडच्या स्टोनहेंजच्याही आधीचे. तिथे आम्ही दोघी, टॅक्सीवाला आणि एक कुत्रा. जुलैत काय असतं मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचंही नाही.

पण दगडांपेक्षा वाटेवरची झाडं. सगळी बुचाची, कॉर्क ओक. बाटलीचं बूच झाडाच्या सालीचं असतं हे मला माहीत होतं, पण बघितलं नव्हतं. टॅक्सीवाल्याने गाडी थांबवली, उतरून एका झाडावर हात मारला. फांद्यांना जाड भेगाळलेली करडी साल, आणि खाली बुंध्याला सालच नाही, गुळगुळीत तांबूस, जसं पँट काढलेला माणूस. त्यावर पांढऱ्या रंगाने आकडा, "३". त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, तीन म्हणजे २०२३, त्या वर्षी साल काढली. आता नऊ वर्षं हात लावायचा नाही. म्हणजे २०३२. पलीकडच्या झाडावर "७" होता, त्याची पाळी आधी येणार. आणि नवीन झाडाची पहिली साल काढायला पंचवीस वर्षं थांबायचं, तीही पहिली खेप खडबडीत, बुचाला चालत नाही, नीट बूच मिळायला तिसरी खेप लागते. मी मनात हिशेब केला, चाळीस-पंचेचाळीस वर्षं. आजोबा लावतो, नातू बूच काढतो. जगातलं साधारण अर्धं बूच ह्या एवढ्याशा देशातून येतं. आईने बुंध्यावर तळहात ठेवला, म्हणाली गरम आहे. मी पण ठेवला. खरंच, दगडासारखा गार नाही, गुरांच्या पाठीसारखा. झाडाखाली काळी डुकरं ओकची फळं वेचत होती, नोव्हेंबर हाच त्यांचा दिवाळीचा महिना.

तिथून बस, मग लिस्बनहून ट्रेन, रात्री पोर्तो. संपूर्ण दिवस प्रवास, लिहिण्यासारखं काही नाही.

दिवस ७, पोर्तो

पाऊस. नुसता पाऊस. सकाळी आठ ते रात्री आठ. साँव बेंतू स्टेशनमध्ये तास-दीड तास काढला, वीस हजारांच्या आसपास निळ्या टाइल्सवर लढाया आणि राजे रंगवलेत, आणि खाली लोक छत्र्या झटकत लोकल पकडतायत. छत्रीला आतून-बाहेरून वारा लावणारं शहर आहे हे, आमची एक मोडली. लुईश राजाच्या १८८६ सालच्या लोखंडी पुलावरून पलीकडे गायाला गेलो, वाइनची गोदामं. पोर्ट वाइन गोड का, तर द्राक्षाचा रस आंबत असतानाच मधे द्राक्षाची दारू ओततात, आंबणं थांबतं आणि साखर आत राहते. आईने चार चमचे घेतले, कफ सिरप म्हणाली. टॉनी नावाची पोर्ट मात्र आवडली, अक्रोडाचा वास असलेली. मग तिथेच बाकावर बसून झोपली.

दिवस ८, सोमवार ११ नोव्हेंबर, दोरू नदी

सकाळी खिडकी उघडली तर ऊन. लख्ख, धुतलेलं. मला वाटलं नशीब, पण हे इथे सगळ्यांना अपेक्षित असतं म्हणे. ११ नोव्हेंबर म्हणजे साँव मार्तिन्यूचा दिवस, आणि ह्या सुमाराला चार दिवस उघडीप मिळते त्याला साँव मार्तिन्यूचा उन्हाळा म्हणतात. आपल्याकडे ऑक्टोबर हीटला लोक शिव्या देतात, इथे त्याचा सण.

ट्रेनने पिन्याँवला गेलो, अडीच तास. जाताना उजवीकडे बसा, एवढं एक ऐका माझं. पहिला तासभर काही नाही, मग नदी रुळांच्या कडेला येऊन बसते ती शेवटपर्यंत हलत नाही. दोन्ही बाजूंना डोंगर, डोंगरांना पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडी ताली घातलेल्या, प्रत्येक तालीवर द्राक्षं. १७५६ पासून ह्या भागाची हद्द आखलेली आहे, पोर्टची द्राक्षं ह्याच हद्दीतली. तोडणी कधीच संपलेली, म्हणून पर्यटकही संपलेले, पण पानं! लाल, तांबडी, पिवळी, एकेका जातीचा एकेक रंग, त्यामुळे डोंगराला गोधडी पांघरल्यासारखी. डब्यात आम्ही धरून नऊ माणसं.

पिन्याँवला उतरलो तर जिथे जेवायचं ठरवलं होतं ते हॉटेल बंद. दुसरं बंद. तिसऱ्याच्या दारावर चिठ्ठी, मार्चमध्ये भेटू. भूक लागलेली, आईची शुगर, मी घाबरले. एका कॅफेच्या मागच्या अंगणातून धूर येत होता, तिकडे गेलो. पंधरा-वीस माणसं, म्हातारी, पोरं, एक पाद्री. जमिनीवर पाईनच्या वाळक्या सुयांचा ढीग, त्यात चेस्टनट, आणि वरून आग लावून दिलेली. आम्ही परत फिरत होतो तर एका आजींनी हाताला धरून बसवलं. कॅफेवाल्याची शाळकरी मुलगी इंग्रजी बोलत होती, तिने सांगितलं, मार्तिन्यू शिपाई होता, पावसात एक भिकारी कुडकुडत होता, ह्याने तलवारीने आपला झगा अर्धा कापून त्याला दिला, आणि ऊन पडलं. आईने विचारलं, अर्धाच का? मुलगी विचारात पडली, मग आत जाऊन आजीला विचारून आली. "अर्धा त्याला पण लागणार होता ना." हे आईला एकदम पटलं.

राखेतून काठीने चेस्टनट बाहेर ओढायचे, दोन्ही हातांत उडवत सोलायचे, बरोबर मातीच्या भांड्यातून जेरोपीगा, न आंबलेल्या द्राक्षरसात दारू घातलेली, गोड, घातक. कालडू व्हेर्द म्हणून सूप आलं, बटाट्याचं, त्यात कोव्हची पानं केसांसारखी बारीक चिरलेली. एवढी बारीक की आई चिरणाऱ्याचे हात बघायला मागत होती. आणि मग पोरांनी सुरू केलं, राखेत बोटं बुडवून एकमेकांच्या तोंडाला फासायची. ही पण रीत आहे. सहा-सात वर्षांचं एक कार्टं आईसमोर येऊन थांबलं, काळं बोट वर करून, परवानगी असल्यासारखं बघत. आईने गाल पुढे केला. एका गालावर एक रेघ. मग आईने वाकून राखेत तळवा बुडवला आणि त्याचं अख्खं तोंड काळं केलं. धुळवडीला वेंगुर्ल्यात वाढलेली बाई आहे ती. सगळं अंगण हसत होतं, पाद्रीसुद्धा, त्यालाही कुणीतरी लावलं होतं.

साडेपाचला अंधारात परतीची ट्रेन. समोरच्या खिडकीत आईचा चेहरा दिसत होता, गालावर रेघ तशीच. मी टिश्यू पुढे केला, तिने नको म्हटलं. पैसे द्यायला गेले तर कॅफेवाल्याने फक्त दोन कॉफींचे घेतले होते, हे तिला सांगितलं, ती म्हणाली दिवाळीचा डबा उघडायला हवा होता, बॅगेत चकल्या होत्या. पोर्तोच्या खोलीवर राहिल्या. ह्याचं तिला अजून वाईट वाटतं.

दिवस ९

विमान. मधे सहा तास थांबा. काही नाही.

ठाण्याला आल्यावर तिसऱ्या दिवशी आई माझ्याबरोबर स्टेशनला आली होती, तिथे पुलाखाली शेंगवाला बसतो, भाजके शेंगदाणे आणि शेंगा, बरीच वर्षं तिथेच. तिने पर्समधून तो चपटा झालेला लिस्बनचा कोन काढला, उघडून त्याच्यापुढे धरला, आणि समजावलं, इथे शेंगा, इथे टरफलं, म्हणजे पुलावर कचरा नाही. त्याने कोन हातात घेतला, फिरवून पाहिला, घडी उलगडून परत घातली, चांगली दोन मिनिटं. मग परत दिला. "काकी, आयडिया भारी आहे. पण ह्यात जेवढा कागद जातो तेवढ्यात माझ्या तीन पुड्या होतात."

आई म्हणाली बरोबर आहे तुझं, आणि दहाच्या शेंगा घेतल्या. टरफलं कोनातच टाकली.